इनहिबिटर वापरून प्रथिनाचं काम शोधताना

एखाद्या प्रथिनाचा इनहिबिटर, म्हणजे त्याचं काम रोखणारा रेणू, मागवला, पेशींवर टाकला, पेशी मेल्या. म्हणजे पेशींना जगायला ते प्रथिन लागतं. हा तर्क इतका सरळ वाटतो की त्यातली फट चटकन दिसतच नाही. मेल्क नावाच्या कायनेजच्या (इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एन्झाइमच्या) बाबतीत हेच झालं. कर्करोगाच्या पेशींचं मेल्कवाचून चालत नाही असं बरीच वर्षं मानलं जात होतं, आणि त्याला रोखणारा म्हणून ओळखला जाणारा ओटीएसएसपी१६७ हा रेणू माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला होता. २०१७ मध्ये क्रिस्पर हे जनुक-संपादनाचं तंत्र वापरून मेल्कचं जनुकच निकामी केलेल्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या पेशी खुशाल वाढत होत्या. आणि मेल्क नसलेल्या त्या पेशींवर ओटीएसएसपी१६७ टाकल्यावर त्या पूर्वीसारख्याच मेल्या. रेणू पेशी मारत होता यात शंका नाही, पण ते मेल्कमुळे नव्हतं.

बाटलीवर छापलेलं टार्गेट (रेणू ज्याला रोखतो ते प्रथिन) हा दावा असतो. तुमच्या पेशींत, तुमच्या डोसला आणि तुम्ही ठरवलेल्या वेळेत तो खरा आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणं बहुतेक कायनेजची घेतली आहेत, कारण चांगल्या-वाईट इनहिबिटरांची सर्वांत मोठी गर्दी तिथेच आहे.

१. आधी प्रश्न, मग बाटली

जनुक काढून टाकणं आणि प्रथिनाला रसायनाने रोखणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नॉकआउटमध्ये प्रथिनच नाहीसं होतं. इनहिबिटरमध्ये प्रथिन जागच्या जागी असतं, इतर प्रथिनांना धरूनही असतं, फक्त त्याचं रासायनिक काम थांबतं. बरीच कायनेजं दुहेरी भूमिका करतात: एक एन्झाइमची आणि दुसरी इतर प्रथिनांना एकत्र धरून ठेवणाऱ्या सांगाड्याची. अशा ठिकाणी नॉकआउट आणि इनहिबिटर यांची उत्तरं जुळली नाहीत, तर दोघांपैकी एक चुकलंय असं लगेच समजू नका. कदाचित दोन्ही बरोबर असतील आणि तुम्हाला सांगाड्याचं काम सापडलं असेल.

इनहिबिटरची खरी ताकद वेगात आहे. पेशीविभाजनाला साधारण तासभर लागतो. जनुक गप्प करून प्रथिन संपायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तेवढ्यात पेशी आपली वेगळीच सोय लावून मोकळी होते. १९९९ मध्ये मोनास्ट्रॉल हा रेणू सापडला. तो ईजी५ या मोटर प्रथिनाला रोखतो. तर्कूचे (विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेचे) दोन ध्रुव एकमेकांपासून लांब जायला ईजी५ लागतं. मोनास्ट्रॉल टाकलं की ध्रुव वेगळे होत नाहीत आणि सगळी गुणसूत्रं एकाच केंद्राभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडली जातात. मग मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रावण) बदलून रेणू धुऊन काढला की तर्कू पुन्हा दोन ध्रुवांचा होतो. असं चालू-बंद-चालू जनुकीय पद्धतीने करणं फार अवघड आहे.

तुमचा प्रश्न काही आठवड्यांत घडणाऱ्या बदलांचा असेल, किंवा एकाच कुटुंबातल्या दोन जवळजवळ जुळ्या प्रथिनांपैकी नेमकं कोणतं हे ठरवायचं असेल, तर बहुतेक वेळा इनहिबिटर मुख्य हत्यार म्हणून चालत नाही.

२. रेणू निवडणं

इथे जितका वेळ घालवाल तितका पुढे वाचतो. प्रयोगाला लायक रेणूसाठी स्ट्रक्चरल जीनोमिक्स कन्सोर्टियमने मांडलेले निकष सोपे आहेत. परीक्षानळीत १०० नॅनोमोलरपेक्षा कमी प्रमाणात काम व्हावं, त्याच कुटुंबातल्या इतर प्रथिनांपेक्षा किमान ३० पट निवडक असावा, आणि पेशीत १ मायक्रोमोलरच्या आसपास किंवा त्याखाली तो टार्गेटवर बसतो याचा पुरावा असावा. २०१५ पासून केमिकल प्रोब्ज पोर्टलवर तज्ज्ञ अशा रेणूंना गुण देतात आणि कोणता टाळावा तेही सांगतात. विक्रेत्याचं पान उघडण्याआधी ते बघा. विक्रेत्याच्या पानावर जुने रेणू नव्यांच्या शेजारी ऐटीत बसलेले असतात.

आणि जुन्यांची यादी काही छोटी नाही. एलवाय२९४००२ पीआय३-कायनेजचा इनहिबिटर म्हणून हजारो वेळा वापरला गेला. तो एमटॉर आणि सीके२ या दुसऱ्या कायनेजांवर आणि बीईटी कुटुंबातल्या ब्रोमोडोमेन प्रथिनांवरही बसतो. एच-८९ हा पीकेए या कायनेजचा म्हणून विकला जातो. रॉक, एस६के१ आणि एमएसके१ या कायनेजांनाही तो चांगलाच रोखतो. रॉटलेरिनचं तर सगळंच फिसकटलेलं आहे. ते पीकेसी-डेल्टाचा इनहिबिटर म्हणून गाजलं, पण त्या कायनेजला थेट रोखत नाही असं नंतर दिसलं. त्याहून वाईट म्हणजे ते मायटोकॉन्ड्रियाचं अनकपलिंग करतं, म्हणजे इंधन जळत राहतं पण त्यातून पेशीला वापरता येणारी ऊर्जा बनत नाही. पेशीचं ऊर्जाकेंद्रच बिघडवलं तर कोणताही परिणाम दिसेल आणि त्याचं श्रेय पीकेसी-डेल्टाला जाईल.

‘आधीच्या पेपरमध्ये हाच वापरलाय’ हे निवडीचं कारण होऊ शकत नाही. आधीच्या पेपरनेही त्याच्या आधीच्याचंच बघून वापरलेला असतो.

आणखी एक गट टाळायचा तो म्हणजे सगळ्यांशी सलगी करणाऱ्या रेणूंचा. काही रेणूंची रचनाच अशी असते की ते प्रथिनांशी रासायनिक बंध करतात, प्रकाश शोषतात, किंवा पाण्यात त्यांचे अतिसूक्ष्म गोळे बनतात आणि त्या गोळ्यांना कोणतंही एन्झाइम चिकटतं. त्यामुळे ते प्रत्येक चाचणीत ‘यशस्वी’ ठरतात. हळदीतलं कर्क्युमिन हे याचं प्रसिद्ध उदाहरण. गोळ्यांचा संशय असेल तर एन्झाइमच्या चाचणीत ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून बघा. परिणाम नाहीसा झाला तर तो गोळ्यांचाच होता.

रेणू नेमका कसा रोखतो तेही टिपून ठेवा. तो एटीपीच्या (कायनेजला फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) जागी बसतो, प्रथिनावर दुसऱ्याच जागी बसून त्याचा आकार बदलतो, की कायमचा बंध करतो? रॅपामायसिन एमटॉरच्या उत्प्रेरक जागेवर बसत नाही. ते आधी एफकेबीपी१२ या प्रथिनाला धरतं आणि मग ती जोडी एमटॉरला अडवते. त्यामुळे एमटॉरची काही कामं त्याला दाद देत नाहीत. २००९ मध्ये एटीपीच्या जागी बसणारा टॉरिन१ आला आणि हे स्पष्ट झालं. तोवर ‘रॅपामायसिनने थांबत नाही, म्हणजे त्यात एमटॉरचा हात नाही’ असा निष्कर्ष कितीतरी ठिकाणी काढला गेला होता.

निवड करतानाच तीन बाटल्यांचा विचार करा. मुख्य रेणू, त्याचा निष्क्रिय जुळा (रचना जवळजवळ तीच, पण टार्गेटवर न बसणारा), आणि वेगळ्या रासायनिक सांगाड्याचा दुसरा इनहिबिटर. २०२३ मध्ये ६६२ शोधनिबंध तपासले गेले. शिफारस केलेला डोस, निष्क्रिय जुळा आणि दुसरा रेणू हे तिन्ही पाळणारे फक्त ४ टक्के निघाले. थोडक्यात, यातलं काही ना काही गाळणं हा सध्याचा रिवाज आहे.

३. पावडर ते प्लेट

हा भाग कंटाळवाणा आहे. गोंधळ मात्र इथेच होतो.

समजा रेणूभार ४०० आहे आणि नळीत ५ मिलिग्रॅम पावडर आहे. ते होतात १२.५ मायक्रोमोल. १.२५ मिलिलिटर डीएमएसओत (अशा रेणूंसाठीच्या नेहमीच्या द्रावकात) विरघळवले की १० मिलिमोलरचा स्टॉक तयार. रेणूभार मात्र नळीवरचा घ्या, इंटरनेटवरचा नको. रेणू हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात आला असेल तर भार वेगळा असतो आणि सगळे डोस पहिल्या दिवसापासून चुकतात.

स्टॉकचे छोटे भाग करून गोठवा. दर वेळी तीच नळी वितळवायची आणि पुन्हा गोठवायची, असं करू नका. डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी शिरलं की रेणू तळाला बसू लागतो. डीएमएसओ १८.५ अंश सेल्सियसलाच गोठतं, म्हणजे साध्या फ्रिजमध्येही त्याचा खडा होतो. सुरुवातीला घाईत मी अर्धवट वितळलेल्या नळीतून वरचं पातळ काढून घ्यायचो. गोठताना रेणू उरलेल्या द्रवात गोळा होतो, त्यामुळे त्या पातळ भागात डोस ठरल्यापेक्षा जास्त यायचा आणि नंतरच्या भागात कमी. दोन आठवडे मी ‘पेशींची संवेदनशीलता रोज बदलते’ असं वहीत लिहीत होतो. आता नळी पूर्ण वितळवतो, नीट ढवळतो, क्षणभर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो आणि तळाशी पांढरं काही दिसतंय का ते उजेडात धरून बघतो.

डोसची मालिका मीडियममध्ये नाही, डीएमएसओमध्ये करा. १० मिलिमोलरच्या स्टॉकचे १० मायक्रोलिटर आणि २० मायक्रोलिटर डीएमएसओ, त्यातून पुन्हा १० आणि २०, असं करत तिप्पट-तिप्पट पातळ करत जा. मग प्रत्येक पातळी मीडियममध्ये एकास हजार या प्रमाणात मिसळा. असं केलं की सर्वांत जास्त डोस १० मायक्रोमोलर होतो आणि प्लेटच्या प्रत्येक विहिरीत (खळग्यात) डीएमएसओ ०.१ टक्केच राहतं. थेट स्टॉकमधून वेगवेगळे आकारमान टाकले तर मोठ्या डोसच्या विहिरीत डीएमएसओही जास्त पडतं, आणि मग डोसचा परिणाम दिसतोय की डीएमएसओचा, हे कळायला मार्ग नाही.

टाकल्यावर प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशींवर सुयांसारखे स्फटिक दिसले तर तो डोस खरा नाही. तो आकडा आलेखावर असेल, द्रावणात नाही.

४. डोस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

नळीवर लिहिलेली आयसी५०, म्हणजे निम्मं काम थांबवणारं प्रमाण, शुद्ध एन्झाइमवरची असते. एटीपीशी स्पर्धा करणाऱ्या इनहिबिटरसाठी ती एटीपीच्या प्रमाणावर अवलंबून असते, आणि परीक्षानळीत एटीपी मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. चेंग आणि प्रुसॉफ यांनी १९७३ मध्ये मांडलेलं समीकरण इथे कामाला येतं. केआयला (रेणू किती घट्ट बसतो त्याच्या मापाला) ‘एक अधिक, एटीपीचं प्रमाण भागिले एटीपीचा केएम (एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ते एटीपीचं प्रमाण)’ याने गुणलं की आयसी५० मिळते. समजा केआय १० नॅनोमोलर आणि केएम २० मायक्रोमोलर आहे. परीक्षानळीत एटीपी २० मायक्रोमोलर असेल तर आयसी५० येते २० नॅनोमोलर. पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं. २ मिलिमोलर धरलं तर तीच आयसी५० १०१० नॅनोमोलर होते. रेणू तोच, कायनेज तेच, आणि फरक पन्नास पटींचा.

त्यात सीरममधल्या प्रथिनांना चिकटून वाया जाणारा भाग आणि पेशीच्या पंपांनी बाहेर फेकलेला भाग मिळवा. मग कोणत्याही सूत्राने नेमका डोस येत नाही. तो मोजूनच काढावा लागतो.

मोजायचं काय? टार्गेटच्या लगेच पुढचं पाऊल. कायनेज असेल तर त्याच्या थेट सब्स्ट्रेटचं (ज्या प्रथिनावर ते काम करतं त्याचं) फॉस्फोरिलेशन, म्हणजे त्यावर चढलेलं फॉस्फेट. सहा-सात डोस घ्या, एका तासानंतर पेशी फोडा, वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रथिनाचा बँड दाखवणारी चाचणी) करा, आणि शेजारी फॉस्फो नसलेल्या एकूण प्रथिनाचा बँडही ठेवा. ज्या डोसला सिग्नल ९० टक्क्यांनी उतरतो तो तुमचा कामाचा डोस. त्याच्या तिप्पट-चौपट ही वरची मर्यादा. तुम्हाला रस असलेला परिणाम, म्हणजे पेशींचं सरकणं, विभाजन किंवा मरण, याच पट्ट्यात दिसायला हवा. सब्स्ट्रेट २०० नॅनोमोलरला गप्प झालं आणि पेशी मात्र २० मायक्रोमोलरला मरत असतील, तर त्या मधल्या शंभर पटींत दुसरंच काहीतरी रोखलं जातंय. एवढी एकच तुलना केली तरी कितीतरी चुकीचे निष्कर्ष टळतात.

कोणता बँड बघायचा हेही जपून ठरवा. एकेटी या कायनेजचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. ए-४४३६५४ हा एटीपीच्या जागी बसणारा इनहिबिटर एकेटीचं काम थांबवतो, पण एकेटीवरचं सेरीन ४७३ आणि थ्रिओनीन ३०८ इथलं फॉस्फोरिलेशन वाढतं. एमके-२२०६ दुसऱ्या जागी बसतो, तेव्हा तेच फॉस्फोरिलेशन उतरतं. दोन्ही रेणू एकेटीला रोखतात आणि बँड उलट्या दिशांना जातात. फक्त फॉस्फो-एकेटी बघणारा पहिल्या रेणूला सक्रियक म्हणून मोकळा होईल. म्हणून एकेटीचं काम बघायचं तर पीआरएएस४० किंवा जीएसके३ या त्याच्या सब्स्ट्रेटांचं फॉस्फोरिलेशन बघा.

टार्गेट एन्झाइम नसेल, किंवा चांगली अँटिबॉडी मिळत नसेल, तर २०१३ मध्ये आलेली सीईटीएसए ही पद्धत आहे. पेशींना रेणू द्यायचा, वाढत्या तापमानांवर तापवायचं आणि किती प्रथिन विरघळलेलं उरतं ते बघायचं. रेणू बसलेलं प्रथिन बहुतेकदा जास्त तापमानापर्यंत टिकतं. रेणू पेशीच्या आत तुमच्या प्रथिनावर बसतोय याचा हा सरळ पुरावा आहे, अर्थात त्याने काम थांबलं का हे त्यातून कळत नाही.

५. वेळ

इनहिबिटर वेगवान असल्याचा फायदा घ्यायचा तर मोजमापही लवकर करा. १५ मिनिटं, १ तास, ४ तास, २४ तास अशी मालिका एकदा तरी करा. पहिल्या तासात दिसणारा बदल बहुधा टार्गेटच्या जवळचा असतो. २४ तासांनी दिसणारा बदल म्हणजे पेशीने दिलेलं उत्तर. साखळीत खालचं कायनेज रोखलं की खालून वर लागणारा ब्रेकही सुटतो आणि वरची कायनेजं उसळतात. रॅपामायसिन थोड्या वेळात मुख्यतः एमटॉरच्या पहिल्या संकुलावर चालतं, पण दीर्घ काळ दिलं तर काही पेशींत दुसऱ्या संकुलाची जुळणीही बिघडवतं. म्हणजे ‘रॅपामायसिन दिलं’ हे वाक्य किती तास ते सांगितल्याशिवाय अपुरं आहे.

कायमचा बंध करणाऱ्या रेणूंची आयसी५० वेळेबरोबर खाली सरकते. वोर्टमॅनिन पीआय३-कायनेजला असाच बांधतं, आणि शिवाय मीडियममध्ये फार टिकत नाही. असे रेणू धुऊन काम परत येण्याची वाट बघू नका. पेशीने नवं प्रथिन बनवल्यावरच ते परत येईल.

६. कंट्रोल

डीएमएसओचा कंट्रोल सगळेच ठेवतात. पुढचे तीन कमी लोक ठेवतात.

निष्क्रिय जुळा: रचना जवळजवळ तीच, पण टार्गेटवर बसत नाही. जेक्यू१ याबाबतीत आदर्श आहे. त्याचं एक आरसारूप बीईटी प्रथिनांवर बसतं आणि दुसरं बसत नाही, बाकी सगळं सारखं. पण ‘निष्क्रिय’ हा शब्दही तपासून घ्या. एलवाय२९४००२चा जुळा म्हणून एलवाय३०३५११ दिला जातो. तो पीआय३-कायनेजला रोखत नाही, पण सीके२ आणि बीईटीवर बसतो. गंमत म्हणजे हाच त्याचा उपयोग: दोघांनी सारखाच परिणाम दिला तर तो पीआय३-कायनेजचा नाही.

वेगळ्या सांगाड्याचा दुसरा रेणू: दोन अगदी वेगळ्या रचनांचे रेणू भलतीकडे बसतील तेव्हा सहसा एकाच भलत्या ठिकाणी बसत नाहीत. दोघांनीही आपापल्या कामाच्या डोसला तोच परिणाम दिला तर भरवसा बराच वाढतो.

टार्गेट नसलेल्या पेशी: हाच मेल्कचा धडा. नॉकआउट पेशींवर इनहिबिटर टाका. परिणाम अजूनही येत असेल तर तो टार्गेटचा नाही. डायनॅसोर हा डायनॅमिनचा, म्हणजे पेशीपटलापासून पिशव्या कापून वेगळ्या करणाऱ्या प्रथिनाचा, इनहिबिटर. तिन्ही डायनॅमिन काढून टाकलेल्या पेशींतही तो पेशीपटलाच्या लाटा आणि द्रव आत ओढणं थांबवतो, असं २०१३ मध्ये दिसलं.

या सगळ्यांवर एक पुरावा आहे आणि जमत असेल तर तो कराच. टार्गेटमध्ये एकच बदल असा करायचा की प्रथिन काम करत राहील पण इनहिबिटर बसणार नाही, आणि ते प्रथिन पेशीत घालायचं. पी३८ कायनेजमधलं १०६ क्रमांकाचं थ्रिओनीन बदलून मेथिओनीन केलं की एसबी२०३५८० तिथे मावत नाही. अशा पेशीत इनहिबिटर टाकूनही परिणाम आला नाही, तर तो परिणाम पी३८चाच होता असं ठामपणे म्हणता येतं. टॉर (एमटॉरचं यीस्टमधलं रूप) या प्रथिनाचा शोधही असाच लागला: १९९१ मध्ये रॅपामायसिनला दाद न देणाऱ्या यीस्टच्या उत्परिवर्तनांतून.

हीच युक्ती उलटी वापरून खरं टार्गेटही सापडतं. ओटीएस९६४ हा पीबीके कायनेजचा इनहिबिटर म्हणून ओळखला जात होता. २०१९ मध्ये त्याच्यासमोर तगून राहिलेल्या पेशींचा जनुकक्रम वाचला, तेव्हा बदल सापडला सीडीके११बीमध्ये, ५७९व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरीन. रेणू सुरुवातीपासून सीडीके११ला रोखत होता.

७. मोजमापच फसवतं तेव्हा

कधी रेणू टार्गेटला हात लावत नाही, तुमच्या मोजमापाला लावतो. काजव्याचं ल्युसिफरेज (जनुक चालू असल्याची खूण म्हणून प्रकाश देणारं एन्झाइम) वापरत असाल तर विशेष सावध राहा. त्याचे इनहिबिटर पेशीत त्याला धरून ठेवतात, त्यामुळे ते कमी विघटित होतं, साठत जातं आणि शेवटी प्रकाश वाढलेला दिसतो. जनुक चालू झालं असं वाटतं, प्रत्यक्षात फक्त ल्युसिफरेज साठलेलं असतं. जिवंत पेशी मोजायच्या एमटीटी या चाचणीचा जांभळा रंग काही रेणू पेशींशिवायही आणतात. पेशी नसलेल्या विहिरीत रेणू आणि एमटीटी टाकून हे पाच पैशांच्या कष्टात तपासता येतं.

ब्लेबिस्टॅटिनने मला चांगलाच धडा दिला. ते मायोसिन-२ या, पेशीला आकुंचन करायला लावणाऱ्या मोटर प्रथिनाला रोखतं. पेशी नीट थांबल्या होत्या, पण चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचं चित्रण सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, ज्या भागावर निळा प्रकाश पडत होता तिथल्याच पेशी पुन्हा आकुंचन पावू लागल्या, आणि नंतर मरू लागल्या. शेजारचा अंधारातला भाग जसाच्या तसा. निळ्या प्रकाशात ब्लेबिस्टॅटिन निकामी होतं आणि त्यातून विषारी पदार्थही तयार होतात. ते त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. मी फक्त विद्राव्यतेची ओळ वाचली होती. आता अशा प्रयोगात मी लाल रंगाचं प्रथिन वापरतो किंवा प्रकाशात टिकणारा पॅरा-अमिनो ब्लेबिस्टॅटिन घेतो.

८. निष्कर्षाचं वाक्य

फक्त एका रेणूचा परिणाम हाती असेल तर ‘अमुक इनहिबिटरने पेशींचं सरकणं थांबलं’ एवढंच लिहा. ‘अमुक प्रथिन सरकण्यासाठी लागतं’ हे वाक्य दुसरा रेणू, जुळा आणि जनुकीय पुरावा आल्यावर लिहायचं. परिणाम आलाच नाही तर आणखी सावध: टार्गेट रोखलं गेलं होतं हे त्याच नमुन्यात दाखवलं नसेल, तर ‘लागत नाही’ असं म्हणता येत नाही.

वहीत आणि पद्धतींच्या विभागात हे हवंच: रेणूचं पूर्ण नाव आणि क्षाराचं रूप, बॅच क्रमांक, स्टॉकचं प्रमाण आणि तारीख, अंतिम डोस, किती वेळ, मीडियममध्ये सीरम किती टक्के, डीएमएसओ किती टक्के, रेणू टाकताना पेशी किती दाट होत्या, आणि टार्गेट रोखलं गेल्याचा ब्लॉट कोणत्या चित्रात आहे.